वजन कमी करायचंय? खान्देशी ताट न सोडता आहार आणि व्यायाम कसा सुरू करावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे वजन कमी करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी भाकरी सोडतो आणि ओट्सचं पाकीट आणतो. तिसऱ्या आठवड्यात पाकीट संपतं आणि नेमही मोडतो. आपल्या ताटातली ज्वारी, कळणं (ज्वारी-उडदाचं पीठ), डाळी, वांगी, ताक यांनी वजन वाढत नाही. ते वाढतं तेलाने, शेवेने, भाकरीच्या आकाराने आणि रात्री उशिरा पोटभर जेवण्याने. खालची उत्तरं हे धरूनच दिली आहेत.

## माझं वजन खरंच जास्त आहे का, हे कसं ओळखायचं?

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो असेल तर ६८ भागिले २.५६, म्हणजे २६.६. हाच बीएमआय. आपल्या भारतीय शरीरात कमी वजनातही पोटाभोवती चरबी जास्त साठते, म्हणून आपल्यासाठी २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात.

त्याहून महत्त्वाची कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडा, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. हातपाय बारीक पण पोट सुटलेलं असेल, तर काट्यावरचा आकडा बरा दिसला तरी मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका राहतोच.

आणि बीएमआय १८.५च्या खाली असेल तर हे पान तुमच्यासाठी नाही. विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यात अंगावर मांस नसलेल्या, अशक्त बायका-मुलींची संख्या मोठी आहे. त्यांनी कुणाचं पाहून खाणं कमी करू नये.

## किती किलो आणि किती दिवसांत कमी करायचं?

सहा महिन्यांत वजनाच्या ५ ते १० टक्के. ६८ किलोच्या माणसाला साडेतीन ते सात किलो. एवढ्यानेही साखर, रक्तदाब, गुडघेदुखी यांत फरक पडतो. आठवड्याला अर्धा किलो हा वेग चांगला. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणून रोज ५०० कॅलरी कमी पडल्या की आठवड्याला जवळपास अर्धा किलो उतरतं.

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो गेले तर फार हुरळून जाऊ नका. शरीरातली साठवलेली साखर वापरली जाते आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी निघून जातं. महिन्याला दहा किलोच्या जाहिरातींमागे अशीच पाण्याची घट असते, आणि तिच्या जोडीला स्नायूंची झीज. फार झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, केसही गळतात.

## सुरुवात नेमकी कुठून करायची?

पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त लिहा. वहीत रोजचं खाणं: चहा किती, त्यात साखर किती चमचे, भाकरी किती, दुकानात बसल्या-बसल्या तोंडात टाकलेले शेंगदाणे, पोरांच्या ताटात उरलेला भात. तेलाच्या डब्यावर किंवा बरणीवर आजची तारीख टाका आणि तो किती दिवसांत संपतो ते पाहा. सोमवारी सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा, कंबर मोजा.

दुसऱ्या आठवड्यात तीनच गोष्टी बदला: तेल चमच्याने मोजून घालायचं, चहातली साखर निम्मी करायची, आठवड्यातून पाच दिवस १५ मिनिटं चालायचं. बाकी सगळं हळूहळू. सगळं एकदम बदलणाऱ्या घरात पंधरा दिवसांत जुनं ताट परत येतं.

## भाकरी सोडावी का? ज्वारी बरी की गहू?

सोडू नका, लहान करा. ज्वारी, बाजरी, गहू, कोणतंही पीठ घ्या, १०० ग्रॅमला साधारण ३४० कॅलरी पडतात. ज्वारी खाल्ली म्हणून चरबी जळत नाही. फायदा एवढाच की भाकरीला तेल लागत नाही, तिच्यात चोथा जास्त असतो आणि ती चावून खावी लागते, त्यामुळे पोट लवकर भरतं.

आपल्याकडची परातीएवढी भाकरी शंभर ग्रॅम पिठाची सहज असते. अशा दोन म्हणजे ६८० कॅलरी. साठ ग्रॅमच्या दोन केल्या तर चारशेच्या आसपास. एकदा वजनकाट्यावर ६० ग्रॅम पीठ मोजा, ते घरातल्या कोणत्या वाटीत किती येतं ते पाहून ठेवा आणि पुढे त्याच वाटीने घ्या. अंदाजाने थापली तर भाकरी आठवड्याभरात पुन्हा मोठी होते.

कळण्याची भाकरी त्याहून सरस. ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळले की धान्यात जे प्रथिन कमी असतं ते डाळीतून भरून निघतं. भरताबरोबर कळण्याच्या पुऱ्या करण्याची चाल आहे. त्या मात्र सणासुदीलाच.

## तेल किती? आमच्याकडे तर्रीशिवाय भाजी होत नाही.

सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो, म्हणून याचं उत्तर सविस्तर.

एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी. चहाचा एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, सुमारे ४० कॅलरी. पोह्यांचा मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, सुमारे १२० कॅलरी. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास झपाझप चालला की एवढ्याच, साधारण १२० कॅलरी खर्च होतात. रश्श्यावर तरंगणारी दोन चमचे तर्री भाकरीने टिपून घेतली की तासाभराचं चालणं फिटलं. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, करडईचं, लाकडी घाण्याचं, कोणतंही तेल घ्या, हा हिशेब बदलत नाही.

माणशी दिवसाला चहाचे ३ ते ४ चमचे पुरेसे आहेत, म्हणजे चार माणसांच्या घराला महिन्याला दोन ते अडीच लिटर. यात तळण, फोडणी, पोळीला लावलेलं सगळं आलं.

कमी तेलात काळ्या मसाल्याचा रस्सा फसतो त्याचं कारण ठरलेलं आहे. तेल कमी म्हणून वाटण पुरतं भाजलं जात नाही, कच्चट वास राहतो आणि मग घरातले म्हणतात की डाएटची भाजी नको. म्हणून भाजायचं काम तेलाआधी उरकून घ्या. कांदा अख्खा निखाऱ्यावर किंवा गॅसवर जाळीत काळा होईपर्यंत भाजा. सुकं खोबरं कोरड्या तव्यावर मंद आचेवर तांबूस करा. लसूण-आलं घालून थोड्या पाण्यात अगदी बारीक वाटा. चौघांच्या भाजीला कढईत ४ चहाचे चमचे तेल, त्यात जिरं, मग वाटण. वाटण खाली लागायला लागलं की चमचाभर गरम पाणी शिंपडायचं, परतायचं, पुन्हा शिंपडायचं. सात-आठ मिनिटं असं केलं की कच्चा वास जातो. तिखट आणि काळा मसाला आच मंद करून घाला, कारण कमी तेलात मसाला क्षणात करपतो आणि रस्सा कडू होतो. मग गरमच पाणी ओता. गार पाणी घातलं तर जो काही तवंग यायचा तोही येत नाही.

सुक्या खोबऱ्यातही निम्म्याहून जास्त तेल असतं. चौघांना २० ग्रॅम बस्स. दाटपणासाठी दाण्याचा कूट वाढवण्यापेक्षा शिजलेली तुरीची डाळ दोन चमचे घोटून घाला.

## भरीत चालेल ना? वांगं तर हलकं असतं.

वांगं हलकंच असतं. एक किलो वांग्यांत जेमतेम अडीचशे कॅलरी. पण थंडीतल्या भरीत पार्टीत त्याच किलोभर वांग्यांना १०० मिलिलिटर तेल पडलं तर तेलाच्या एकट्या आठशेच्या वर होतात. घरी किलोला ४ चहाचे चमचे तेल घ्या. हिरव्या मिरच्या आणि लसूण वांग्यांबरोबरच भाजून ठेचा, कांद्याची पात भरपूर घ्या आणि फोडणीत फक्त जिरं आणि थोडे शेंगदाणे. मूठभर दाणे, म्हणजे ३० ग्रॅम, १७० कॅलरीचे असतात, तेही मोजा. काड्यांवर भाजलेल्या वांग्याला धुराचा जो स्वाद येतो तो तेलावाचून टिकतो. गॅसवर भाजताना वांग्याला तेल चोपडायची गरज नाही, फक्त सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर ते फुटतं.

## शेवभाजी?

महिन्यातून दोनदा. शेवेत १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. ढाब्यावर एका वाटीत ५० ग्रॅम शेव सहज पडते, वर तर्री वेगळी. दोघांत एक मागवा, तर्री बाजूला काढायला सांगा, सोबत कांदा-काकडी घ्या आणि पोळ्या दोनच. घरी रश्श्यात शिजलेली मटकी घालून वर २० ग्रॅम शेव पानात वाढतानाच टाका. आधी घातलेली शेव रस्सा पिऊन फुगते आणि आणखी घालावीशी वाटते.

## जळगावात राहून केळी खायची नाहीत का?

खा. सोललेलं १०० ग्रॅमचं केळं साधारण ९० ते १०० कॅलरी देतं, पोट भरतं, चालून आल्यावर किंवा संध्याकाळी चारच्या भुकेला उत्तम. रोज एक. मधुमेह असेल तर अर्धं, तेही जेवणाला जोडून नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं.

वेफर्स ही वेगळी वस्तू आहे. १०० ग्रॅम तळलेल्या वेफर्समध्ये पाचशेहून जास्त कॅलरी असतात. फैजपूर-सावद्याकडून पाहुणा येताना पाकीट आणतोच. ते घरात उघडं ठेवू नका, एका वाटीत काढून बाकी कपाटात.

## प्रथिनं कशातून मिळवायची? पावडर घ्यावी का?

वजन कमी करताना रोज किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६५ किलोला ६५ ते ७८ ग्रॅम. कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही जास्त झिजतात, अंगात जोर राहत नाही आणि भूक सारखी लागते. आपल्या शाकाहारी घरांत नेमकी हीच उणीव दिसते. वरण पातळ असतं, वाटीत डाळ थोडी आणि पाणी फार.

हिशेब असा: १२० ग्रॅम कळण्याच्या पिठात सुमारे १५ ग्रॅम, कच्च्या मापाने ४० ग्रॅम तूरडाळीत ९, तेवढ्याच मटकीत ९, २०० ग्रॅम दह्यात ६ ते ७, पेलाभर दुधात ६, भाजलेल्या ३० ग्रॅम हरभऱ्यांत ६, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९. झाले साठ. अंडी चालत असतील तर एका अंड्यात ६. मासे, चिकन खाणाऱ्यांना हे सोपं जातं, फक्त रस्सा तर्रीत बुडालेला नको.

फुनके हा पदार्थ यासाठी इतका सोयीचा आहे की तो आठवड्यातून दोनदा व्हायलाच हवा. तुरीची डाळ भिजवून भरड वाटायची, त्यात मिरची, लसूण, कोथिंबीर, कांदा, हळद, मीठ घालून मुटके वळायचे आणि वाफवायचे. तेलाचा थेंब लागत नाही. पातळ ताकाची कढी आणि चार फुनके हे रात्रीचं पुरतं जेवण आहे. ते मोकळे पडले तर डाळ फार भरड राहिली, दगडासारखे झाले तर कांदा कमी पडला किंवा जास्त वेळ वाफवले.

पावडरीची गरज बहुतेकांना नाही. मूत्रपिंड अधू असेल तर प्रथिनं वाढवायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

## दिवसभराचं खाणं कसं असावं, एखादा नमुना द्या.

साधारण दीड हजार कॅलरीचा हा दिवस, बैठं काम करणाऱ्या ६५ ते ७० किलोच्या स्त्रीला चालेल असा. सकाळी अर्धा चमचा साखरेचा कपभर चहा. आठच्या सुमारास भिजवलेल्या मुगाची दोन धिरडी, चमचाभर तेलात, ठेच्याबरोबर. दुपारी साठ ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, मेथी, पोकळा किंवा गिलक्याची भाजी दीड चमचा तेलातली, कांदा-काकडी-मुळा, पेलाभर पातळ ताक. साडेचारला चहा आणि एक केळं किंवा मूठभर भाजलेले हरभरे. रात्री आठच्या आत एक भाकरी, वाटीभर डाळ, मोठी वाटी भाजी. पुरुषांनी आणि अंगमेहनतीच्या लोकांनी दुपारी एक भाकरी आणि अर्धी वाटी डाळ वाढवावी.

वाढताना आधी अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं, मग डाळ, शेवटी भाकरी. आपण उलटं करतो: आधी भाकरी चुरून रस्सा ओततो, तेव्हा किती चुरली ते कळतच नाही.

## वरण-बट्टी, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) मांडे, कानबाईचे रोट, यांचं काय करायचं?

सण जेवा. वर्षातले वीस-पंचवीस दिवस गोडधोड खाल्ल्याने काही बिघडत नाही, उरलेल्या दिवसांचं तेल बिघडवतं. तरी दोन-तीन गोष्टी जमतात. बट्ट्या वाफवून कापल्या की तळण्याऐवजी तव्यावर दोन चमचे तुपात खरपूस करा, वरणासोबत फरक फारसा कळत नाही. खापरावरचा मांडा, म्हणजे मोठी पुरणपोळी, साध्या पोळीच्या दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून अर्धा घ्यायचा, आमरस वाटीभर, साखर न घालता. त्या दिवशी भात आणि कुरडया-पापड टाळा.

कानबाईचे रोट मात्र एका दिवसात संपत नाहीत. त्या दिवसांत रोट हीच पोळी समजा, रोट आणि वर पोळी असं नको. सोबत डाळ-भाजी वाढवा.

## पाहुणे आग्रह करतात, नाही म्हटलं तर वाईट वाटतं.

पहिल्यांदाच कमी वाढून घ्या आणि सावकाश जेवा. ताट रिकामं झालं की वाढणारा येतोच. वाढायला आलेल्या काकू-मावशीला "आता ताक द्या" म्हणावं, त्यांचंही मन राहतं. आणि घरोघरी खऱ्या काळजीने सांगावंसं वाटतं: ज्याला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, त्याच्या ताटात जबरदस्तीने पोळी टाकणं हा पाहुणचार नव्हे.

## उपवासाने वजन उतरतं का?

साबुदाण्याच्या उपवासाने वाढतं. साबुदाणा निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचा कूट, तूप, तळलेले बटाटे: एका ताटलीत रोजच्या जेवणापेक्षा जास्त कॅलरी आणि प्रथिनं नगण्य. उपवास करायचाच तर भगर वाटीभर, दाण्याची पातळ आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक, एखादं फळ. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहण्याआधी डोस विचारून घ्या.

## चालायला कशी सुरुवात करायची?

पहिले दोन आठवडे १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. त्यानंतर दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत ४० ते ४५ मिनिटांपर्यंत. आठवड्याची बेरीज निदान १५० मिनिटं व्हावी. वेग असा, की चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. गप्पा रंगल्या की वेग पडतो, म्हणून सोबत्याबरोबर जाणाऱ्यांनी घड्याळ पाहावं.

चपलेवर चालू नका. टाच धरून ठेवणारे, पुढे बोटभर जागा असलेले बूट घ्या. टाच सकाळी पहिलं पाऊल टाकताना ठणकत असेल तर अंतर निम्मं करा आणि पोटरी ताणायचा व्यायाम रोज करा.

जळगावकरांना मेहरूण तलावाचा काठ आहे, धुळ्यात पांझरेकाठ. खेडेगावात शाळेचं मैदान सर्वांत बरं. महामार्गाच्या कडेने पहाटेच्या अंधारात चालणं धोक्याचं. इलाजच नसेल तर उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला आणि पांढरे किंवा फिकट कपडे घाला.

## एप्रिल-मे मध्ये ४४-४५ अंशांत व्यायाम कसा करायचा?

पहाटे साडेपाच ते पावणेसात, त्यानंतर नाही. संध्याकाळी सातलाही रस्ते आणि भिंती तापलेल्या असतात. निघण्याआधी एक-दोन पेले पाणी, परतल्यावर ताक. पाऊण तासाच्या चालण्याला बाजारी पेयं लागत नाहीत, त्यांतली साखर उलट नको असते. उन्हाच्या पहिल्या आठवड्यात वेळ निम्मा करा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतात.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, चक्कर आली की लगेच थांबा, सावलीत बसा, अंगावर पाणी मारा. बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग भाजल्यासारखं गरम लागलं तर तो उष्माघात असू शकतो. माणसाला गार पाण्याने भिजवत थेट दवाखान्यात न्या, १०८ला फोन करा. बाहेर जमत नसेल त्या दिवशी खालचे घरातले व्यायाम करा.

## घरच्या घरी ताकदीचे व्यायाम कोणते? जिम लागेल का?

जिम नसली तरी चालेल, पण ताकदीचे व्यायाम टाळू नका. नुसतं चालून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, वीस-पंचवीस मिनिटं एवढंच.

पाच मिनिटं जागच्या जागी चालून अंग गरम करा. मग खुर्चीची उठबस: न डगमगणारी खुर्ची भिंतीला टेकवा, पाय खांद्याएवढे लांब, हात छातीवर, पुढे झुकून उठा आणि तीन आकडे मोजत हळू बसा. धपकन बसलं की निम्मा व्यायाम वाया जातो. गुडघे आत झुकू देऊ नका, दुखतात ते त्यामुळेच. पुढे भिंतीवरचे जोर: भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवायचे, शरीर सरळ ठेवत जवळ जायचं आणि ढकलायचं. सोपं वाटू लागलं की ओट्यावर, मग जमिनीवर गुडघे टेकून.

तिसरा पाठीचा. पाच लिटरच्या कॅनमध्ये अर्धं पाणी भरा, एक हात पलंगावर टेकवा, पाठ सरळ ठेवून दुसऱ्या हाताने कॅन कमरेकडे ओढा. चौथा, पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर उचलून दोन आकडे थांबायचं. कंबर दुखणाऱ्या बायकांना याने बराच आराम पडतो. शेवटी कोपरांवर आणि गुडघ्यांवर टेकून शरीर फळीसारखं सरळ, १५ ते २० सेकंद.

प्रत्येकी दहा वेळा, दोन फेऱ्या, मधे मिनिटभर विसावा. दहा सहज जमले की बारा, मग पंधरा, मग तिसरी फेरी किंवा कॅनमध्ये आणखी पाणी. दम कोंडू नका: जोर लावताना श्वास सोडायचा, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं ठीक. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो व्यायाम थांबवा.

## मी दिवसभर शेतात राबतो, मला व्यायाम कशाला?

खरोखर निंदणी, वेचणी, पाणी भरणं, ओझी वाहणं दिवसभर चालू असेल तर वेगळ्या चालण्याची गरज कमी. पण आता ट्रॅक्टर, ठिबक, मोटारसायकल आली, बागायतदाराचा दिवस बराचसा उभं राहून माणसांकडून काम करून घेण्यात जातो आणि जेवण मात्र औत हाकणाऱ्या वडिलांएवढंच राहिलं. एक दिवस मोबाइलवर पावलं मोजा. पाच-सहा हजारांच्या आत असतील तर तुम्ही बैठेच.

कापूस वेचणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळी. त्या सारख्या वाकलेल्या असतात, म्हणून त्यांनी चालण्यापेक्षा पाठीचे आणि कंबर उचलण्याचे व्यायाम आधी करावेत.

## पोटाचीच चरबी कमी करायला काय करू?

तेवढीच कमी करता येत नाही. पोटाचे व्यायाम केले तर आतले स्नायू बळकट होतात, वरची चरबी मात्र सगळ्या अंगाची उतरते तेव्हाच उतरते. कंबरपट्टे, घाम काढणारे जाकीट यांनी फक्त पाणी जातं. आपल्या उन्हात ते घालून चालणं घातक आहे.

## मी फारसं खातच नाही, तरी वजन वाढतं.

स्वयंपाक करणाऱ्या बाईचं खाणं ताटात दिसत नाही. चव पाहताना, पोरांचं उरलेलं संपवताना, वाया जाऊ नये म्हणून रात्रीचा भात सकाळी परतून खाताना दिवसाला तीनशे-चारशे कॅलरी सहज जातात. उरलेलं डब्यात घालून झाका, तुमचं पोट ही ठेवायची जागा नव्हे. स्वयंपाकच मोजून करा. सगळ्यांच्या शेवटी, भूक मरून गेल्यावर जेवण्यापेक्षा घरच्यांबरोबर बसा. घरातल्या पुरुषांनी ताट वाढून घ्यायला आणि उचलायला शिकलं तर बाईला व्यायामाचा अर्धा तास तिथेच मिळतो.

हे सगळं सांभाळूनही वजन चढत असेल, थकवा, केस गळणं, पाळी अनियमित असेल, तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या.

## दोन महिने उतरलं, आता काटा अडलाय. का?

वजन कमी झालेल्या शरीराला कॅलरी कमी लागतात, त्यामुळे जुन्याच मापाने आता घट होत नाही. पण त्याआधी तेलाचा डबा आणि भाकरीचं पीठ पुन्हा मोजा. बहुतेक घरांत माप सैल झालेलं असतं. मग दुपारची अर्धी भाकरी कमी करा किंवा चालणं दहा मिनिटं वाढवा, दोन्ही एकदम नको.

कधी काटा खोटा अडतो. आदल्या दिवशी बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, लोणचं जास्त झालं की मिठामुळे शरीर पाणी धरतं आणि किलोभर वाढ दिसते. पाळीच्या आधीही तसंच. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच, आणि चार आठवडे आकडा जागचा हलला नाही तरच बदल करा. मीठ दिवसाला चहाच्या चमचाभर, ५ ग्रॅम, याच्या आत, त्यात पापड-लोणच्याचंही आलं.

## लिंबू-मध पाणी, चूर्ण, गोळ्या?

लिंबूपाण्याने चरबी वितळत नाही, मधात साखरच असते. पोट साफ करणाऱ्या चूर्णांनी मळ आणि पाणी जातं, सवय लागली तर आतडी मंदावतात. ज्या पाकिटावर घटकांची नावं नाहीत ते पोटात घालू नका. वजनासाठी खरी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या तपासणीनंतर, देखरेखीखालीच.

## सुरू करण्याआधी डॉक्टरांना कुणी भेटावं?

चाळिशी ओलांडलेल्यांनी उपाशीपोटीची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल एकदा पाहून घ्यावं. हृदयविकार, जुना दमा, मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सल्ला, मग व्यायाम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी खाणं कमी करू नये, फक्त सावकाश चालावं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर खाणं कमी केल्यावर एकदम खाली येऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. चालायला जाताना खिशात साखर ठेवा आणि डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या.

नंदुरबार आणि सातपुड्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तुमची किंवा घरातल्या कुणाची तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात ती करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णांना पाणी कमी पडलं, ऊन लागलं किंवा दमछाक झाली की वेदनांचा झटका येऊ शकतो, म्हणून त्यांनी सपाट जागी, थंड वेळी, थांबत-थांबत चालावं आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यावं. जे फक्त वाहक आहेत, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलाय, त्यांना रोजचा व्यायाम चालतो, पण भर उन्हात धावण्याच्या शर्यती किंवा पोलीस भरतीचा सराव त्यांनी डॉक्टरांना सांगूनच करावा.

चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एवढ्याशा चालीने धाप लागत असेल, तर ते पित्त समजून घरी बसू नका, त्याच दिवशी ईसीजी काढा.